वांक

रात्री धाकटीनं वही पुढ्यात सरकवली.
शाळेतून विषय मिळालाय : माझा आदर्श.
"नाव सांग ना एखादं.
सगळ्या बाजूंनी चांगला माणूस हवाय,
बाईंनी बजावलंय."
मी बटाटे सोलत होते,
आमच्या चिलोएचे, आतून जांभळे.
सुरी मध्येच थांबली.

अठ्ठावीस वर्षं या किनाऱ्यावर होड्या बांधतेय.
ओहोटीला काय काय सापडतं चिखलात,
तुटकी वल्ही, बाटल्या, एकदा तर शिवणयंत्र.
सगळ्या बाजूंनी चांगला माणूस
अजून लागला नाही काठाला.

लागला तो एलेउतेरियो बार्रिया.
सोमवारी कधी शुद्धीत नसायचा.
माझी दोन महिन्यांची मजुरी
त्याच्याबरोबरच मातीत गेली.
पण रानात शिरला की त्याचे हात बोलत.
वाऱ्यानं वाकवलेल्या खोडावरून तळवा फिरवायचा,
गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा,
आणि म्हणायचा, हा डावीकडचा तिसरा वांक.
सरळ झाडापाशी रेंगाळू नकोस, पोरी,
त्याच्या फळ्या होतात.
होडीला पोट येतं ते वाकड्यातून.

बायकांनी तासणी धरू नये,
हेही तोच म्हणायचा, तीन वर्षं, रोज.
मग एका सकाळी माझ्या तासणीला
नवा दांडा, आखूड, माझ्या हाताच्या मापाचा.
कोणी बसवला, विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
बोलणं मात्र तेच, जुनंच.

आणि सुनिल्दा मावशी.
एका डुकरापायी सख्ख्या बहिणीशी
अकरा वर्षं अबोला.
तोंड असं, की कुत्रीसुद्धा वाट बदलायची.
पण ज्या रात्री वादळानं बहिणीचं छप्पर नेलं
त्या पहाटे छपरावर ठोकठोक :
मावशी, दातांत खिळे धरून,
लाकडी कौलं एकेक बसवतेय.
खाली बहीण शिडी धरून उभी.
दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.
पुढेही नाहीत.
मला वाटायचं, खिळे आहेत म्हणून असेल.

लिसान्द्रो बायकोला सोडून गेला, त्याचं काय सांगू.
पण भरती-ओहोटीची वही त्यानं ठेवली ती अशी
की मी अजून तीच उघडते.

"मग तुझंच नाव लिहू?"
धाकटीनं मान वर न करता विचारलं.

लेकीनं असं म्हटलं की ऊर भरून यावा.
माझ्या पोटात खड्डा पडला.
आन्कुदच्या माणसाला विकलेली ती पिवळी होडी आठवली.
तळाशी एक सांधा चुकला होता, मला ठाऊक होतं.
सालीचा काथ्या ठोकला, वरून रंग दिला,
पैसे मोजून घेतले, हसून निरोपही दिला.
आठ दिवसांनी तो दारात,
कमरेपर्यंत भिजलेला.
शिवी दिली नाही त्यानं.
नुसता बूट काढला आणि पाणी ओतलं
माझ्या उंबऱ्यावर.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.
बटाट्यांकडे बघत सांगितलं.

"मग? घेतलीस परत होडी?"
घेतली. तळ उखडला.
दीड महिना, फुकट.
"मग हे लिहू?"

लिही, म्हटलं.
पण गळती आधी लिही.
परत घेतल्याचं मागून.

ती वहीकडे बघत बसली बराच वेळ.
पेन्सिलीला टोक नव्हतं.
हात पुढे करून तिनं
माझी सुरी मागितली.